काहीच न केलेला पट्टा

सरकारी भाषेत ज्याला झुडपी जंगल म्हणतात, त्यात जंगल फारसे नसते आणि झुडपेही बेताचीच असतात. आमच्या गावाच्या पश्चिमेला असे एक रान होते. नकाशावर ते हिरवे होते. प्रत्यक्षात त्याचा रंग उन्हाळ्यात मुरमाचा आणि पावसाळ्यात तरोट्याच्या तणाचा असे. मधूनमधून एखादा पळस, एखादा खुरटलेला साग, जनावरांनी ओरबाडलेला एखादा धावडा. दोन झाडांमध्ये इतके अंतर, की एका सावलीतल्या गुराख्याला दुसऱ्या सावलीतल्या गुराख्याशी ओरडूनच बोलावे लागे. हे विरळ रान पुन्हा दाट करण्याच्या योजनेवर माझी पहिली नेमणूक झाली. नेमणूक तात्पुरती होती.

मी नागपूरहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन आले होते. मातीचे पृथक्करण मला येत होते आणि स्वतःविषयी मला शंका नव्हती. यवतमाळच्या कार्यालयातले आमचे साहेब वाईट गृहस्थ नव्हते. पण मुलीला रानात पाठवावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर प्रथमच आला होता, आणि ज्याला पूर्वीचे उदाहरण नाही असा प्रश्न ते सहसा पडूच देत नसत. शेवटी त्यांनी तोड काढली आणि मला माझ्याच गावचे रान दिले. घरचे जेवण, ओळखीचे मजूर, बोरी अरबचा बाजार हाकेवर; मुलीची सगळी सोय. साहेबांनी आमच्या गावाचा नकाशा नीट पाहिला होता. मात्र गावात कोण कुठे पाय ठेवत नाही, हे नकाशात दाखवलेले नसते.

अट सरळ होती. दोन पावसाळ्यांनंतर माझ्या लागवडीची पाहणी होणार. झाडे जगली तर नोकरी कायम. आणि जे कायम होत त्यांनाच डेहराडूनला वरच्या प्रशिक्षणासाठी पाठवत. मला डेहराडून हवे होते. ते किती हवे होते, हे सांगायला एवढे पुरे की मी भर उन्हाळ्यात, यवतमाळसारख्या जिल्ह्यात, लोकर विकत आणून जाड स्वेटर विणायला घेतला होता.

मी रानाचे तीन पट्टे पाडले. पहिल्यात खात्याची रूढ पद्धत: असेल नसेल ते तोडायचे, ढीग करून जाळायचे, उन्हाळ्याआधी ओळीने खड्डे खणायचे, माती तापू द्यायची आणि पावसाच्या तोंडाशी साग लावायचा. दुसऱ्यात माझी पद्धत: उभे असलेले झाड उभेच ठेवायचे, उताराला आडवे चर खणायचे आणि चरांच्या वरंब्यावर साग व खैर लावायचे. तिसऱ्या पट्ट्यात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी करायच्या, कारण तिथली माती वेगळी होती. आणि माझी सगळी मदार त्या मातीवर होती.

पहिल्या दोन जागी वीतभर खणले की मुरूम लागे. तिसऱ्या जागी, नाल्याच्या वळणावर, माती काळी, भुसभुशीत आणि खोल होती. नाल्यात उभे राहून, काठाच्या दरडीतून खरवडलेली ती माती मी यवतमाळला नेऊन तपासली तेव्हा तिच्यात चुना आणि फॉस्फेट इतके निघाले, की साहेबांनी विचारले, नमुन्यात काही मिसळले तर नाही ना. मिसळले होते, पण मी नव्हे.

त्या वळणावर गावाची मेलेली ढोरे पिढ्यानपिढ्या टाकली जात. ओढून नेणारे आमचे लोक, सोलणारेही आमचेच. माझ्या आजोबांनी ते काम केले, वडिलांनी केले. छप्पन सालच्या विजयादशमीला वडील वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर वस्तीने सर्वांत आधी हे काम सोडले. त्यानंतर काही दिवसांनी पाटलांचा बैल मेला. तो बरेच दिवस गोठ्यात पडून राहिला, कारण तो कोणी न्यायचा याचे उत्तर गावाला सुचत नव्हते. शेवटी पाटलांच्या घरच्यांनी स्वतःच दोर बांधला. माझे वडील एरवी कमी हसत. पण दोराची ती चुकीची गाठ ते पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही हातांनी करून दाखवत.

मग गावाने आपली ढोरे दुसऱ्या अंगाला पुरायला सुरुवात केली आणि नाल्याचे वळण ओस पडले. आम्ही तिकडे जात नव्हतो, कारण आम्ही ती जागा सोडली होती. बाकीचे जात नव्हते, कारण ती आमची होती.

हे सगळे मला माहीत होते. पण माती ही माती असते, असे मी प्रयोगशाळेत शिकले होते, आणि जे मी शिकले ते गावालाही मान्य असेल अशी माझी समजूत होती. मी आधी पाटलांकडे गेले. पहिल्या दोन पट्ट्यांना त्यांनी लगेच माणसे कबूल केली. तिसऱ्याचे नाव काढताच त्यांनी माझ्या शिक्षणाची खूप स्तुती केली आणि विषय कापसाच्या भावावर नेला. मग मी गावाबाहेरच्या तांड्याच्या नायकाकडे गेले. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर देशभर माल वाहिला होता, त्यामुळे जागांचा विटाळ त्यांना नसेल असा माझा अंदाज होता. नायकाने एवढेच विचारले, की खुद्द गावातले लोक तिथे का खणत नाहीत. मी कारण सांगितले. तो म्हणाला, आमचा तांडा इथे सगळ्यांच्या मागून आला, तुमच्या दोघांच्या भांडणात आम्ही कशाला पडू. मी त्याला सांगितले की हे भांडण नव्हे. त्याने मान हलवली आणि मला गूळ दिला.

राहता राहिली आमची वस्ती. तिथे मला कोणी गूळ दिला नाही.

"बाबा, आपल्या तालुक्यात अशी माती दुसरी नाही," मी म्हणाले.

"असंल," बाबा म्हणाले. "आमीच केली हाय ते."

मी म्हटले, मग ती वाया का घालवायची?

"तुले तिथं खत दिसून राह्यलं. आमाले तिथून उठाले किती पिढ्या लागल्या? आन् आता तू सायबाची चिठ्ठी घेऊन आली, का चला परत."

"परत नाही, बाबा. झाडं लावाले."

"कायले का असंना. पाय तं तिथंच पडन ना."

वस्तीतल्या इतरांनी मान खाली घालून ऐकून घेतले. मी विरळ रानांमुळे जमिनीची धूप कशी होते हे समजावले, तेही त्यांनी ऐकून घेतले. आई चुलीपाशी होती. तिने तिथूनच सांगितले, "दुसऱ्या कोनाची पोरगी हे बोलाले आली असती, तं वस्तीतून शिव्या खाऊन गेली असती. तुले भाकर भेटून राह्यली, गपचूप खा."

दोन परस्परविरुद्ध कारणांचा परिणाम एकच निघावा, ही विज्ञानात दुर्मीळ पण मान्य घटना आहे. तिसऱ्या पट्ट्यात कुदळ पडणार नव्हती. आता, प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एक जागा अशी लागते, की जिथे मुद्दाम काहीही केलेले नसते. मी तिसऱ्या पट्ट्याला तुलनेचा पट्टा असे नाव दिले आणि माझ्या पराभवाला शास्त्रीय दर्जा प्राप्त झाला.

बाकीचे काम मात्र जोरात झाले. वस्तीतली माणसे आणि तांड्यातल्या बाया दोन्ही पट्ट्यांवर राबल्या. तिसऱ्या पट्ट्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पहिल्या पट्ट्यातले पळसाचे खुंट उपटले गेले, ढीग पेटले, राख पसरली. साहेब एकदा येऊन दोरी धरून गेले, कारण ओळी सरळ असणे त्यांना झाडे जगण्याइतकेच महत्त्वाचे वाटे. पावसाच्या तोंडाशी झरी जामणीकडच्या रोपवाटिकेतून ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या सागजड्या आल्या. सागजडी म्हणजे सागाचे वर्षभराचे रोप खाली मुळाशी आणि वर खोडाशी छाटून उरलेली काडी. पहारीने भोक पाडून ती उभी गाडायची, बोटाच्या पेराएवढी वर ठेवायची. लावून झाल्यावर पट्ट्यात बघण्यासारखे काही उरत नाही. पाटील पाहायला आले, त्यांनी ओळींवरून नजर फिरवली आणि अत्यंत आदराने विचारले की सरकार आता कुंपणासाठी तारही देणार का, की खुंट्याच ठोकून थांबणार.

पहिल्या जोरदार सरींनी पहिल्या पट्ट्याची राख आणि तिच्याखालची मोकळी केलेली माती, दोन्ही नाल्यात नेली. खड्डे मुरमाने भरले. त्यातूनही सागाला फूट आली. सुपाएवढी पाने घेऊन काही रोपे उभी राहिली. मग गुरे आली. गुरे साग खात नाहीत, हे पुस्तकात बरोबर लिहिले आहे. ती त्याच्यावरून चालत जातात, हे लिहायचे राहून गेले आहे. दुसऱ्या पट्ट्यात चरांनी पाणी धरले, झाडांच्या आडोशाने रोपे बरी जगली. पण बरी एवढेच. खैराची कोवळी पाने तांड्याच्या शेळ्यांना माझ्याइतकीच मोलाची वाटत होती.

तिसरा पट्टा मी फक्त बाहेरून पाहत असे, कारण तुलनेच्या जागेत ढवळाढवळ करायची नसते. अर्थात मी आत न जाण्याचे एकमेव कारण हेच होते, असा दावा मी करणार नाही; मीही त्याच घरात वाढले होते. त्या पट्ट्यात गुरे शिरत नव्हती. गाय तिथे चरली तर तिचे दूध कसे प्यावे, या चिंतेने गुराखी तिला काठावरूनच वळवीत. लाकूडफाट्याला कोणी जात नव्हते, गवत कोणी कापत नव्हते. असे कुंपण घालायचे तर खात्याचा साऱ्या जिल्ह्याचा तारेचा साठा पुरला नसता. छप्पननंतर तिथे आधी गवत माजले, मग पाखरांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब, बोर, सीताफळ वर आले. कधीतरी तोडून नेलेल्या सागांचे आणि पळसांचे जमिनीत दबलेले बुंधे फुटले. माझा दुसरा पावसाळा सरेपर्यंत ते रान असे दाटले, की पलीकडचा नाला दिसेना.

पाहणी ऑक्टोबरच्या उन्हात झाली. साहेब जीपने आले. पाटील स्वागताला होते, बरोबर गावची चार माणसे. दुसऱ्या बाजूने बाबा आणि वस्तीतले लोक येऊन उभे राहिले होते. पहिल्या पट्ट्यात साहेब छडीने पाने उलथून पाहत चालले. ओळी सरळ आहेत, एवढे म्हणाले. दुसऱ्या पट्ट्यात म्हणाले, ठीक. ऊन चढले होते, त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. मी पुढची आकडेवारी सांगत असताना त्यांचे लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि ते नाल्याच्या वळणाकडे चालू लागले. मी त्यांच्यामागे गेले. ते गवतातून वाट काढत आत शिरले, एका कडुनिंबाखाली दगड होता त्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढली. त्या जागेत पाऊल टाकण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि ते पाऊल मी टाकले हे मला आत गेल्यावर कळले.

मागे वळून पाहिले तर सारा गाव काठावर थबकला होता. एका बाजूला पाटील आणि त्यांची माणसे, दुसऱ्या बाजूला बाबा आणि वस्ती. साहेबांनी हात करून दोन्हीकडच्यांना बोलावले. कोणी हलले नाही.

"वा," साहेब म्हणाले. "लागवडीत पाय ठेवायचा नाही, हे या लोकांना कोणी शिकवले? इतकी शिस्त मी जिल्ह्यात कुठे पाहिली नाही."

"जी," पाटील काठावरून म्हणाले. "पयल्यापासूनच हाय."

पाटलांच्या घरून चहा आला. फुलांची नक्षी असलेल्या कपबशा, पितळी तबक. आणणारा गडी काठापर्यंत आला आणि तबक घेऊन उभा राहिला. त्याने पाटलांकडे पाहिले, पाटलांनी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे. पाटलांच्या घरच्या कपाला आमच्या घरातल्या कोणाचा हात तोपर्यंत लागलेला नव्हता. त्या दिवशी तो लागावा असे खुद्द पाटलांनी डोळ्यांनी सुचवले, कारण दुसरा उपाय स्वतः आत जाण्याचा होता. मी काठावर गेले, तबक घेतले आणि साहेबांना चहा दिला. एक कप मीही घेतला. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षणाचा मला झालेला पहिला प्रत्यक्ष लाभ तो.

साहेब प्रसन्न होते. "हे खरे रोपवन. इथे कोणती पूर्वतयारी केली होती तुम्ही? जाळून घेतले होते की चर?"

डेहराडून माझ्यापासून एका शब्दावर होते. दोन्हीपैकी कुठलाही शब्द चालला असता. काठावर बाबा उभे होते, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"काहीच नाही, साहेब. हे लावलेले नाही, आपोआप आले आहे. इथे काम करायला कोणी आले नाही."

"का?"

"गावातली मेलेली ढोरे पूर्वी इथे टाकत. ती ओढून आणण्याचे काम आमच्याकडे होते. छप्पन सालापासून आम्ही ते सोडले, तेव्हापासून या जागेत कोणीही येत नाही. मातीतला चुना आणि फॉस्फेट हाडांचा आहे. आणि झाडे जगली ती कोणी न आल्यामुळे."

मी हे परीक्षेतल्या उत्तरासारखे, क्रमाने आणि पूर्ण सांगितले. साहेबांनी कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग ज्या दगडावर ते बसले होते त्याच्याकडे. कपात अर्धा चहा होता. तो त्यांनी तसाच गवतावर ठेवला. साहेब कोणत्या जातीचे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते आणि त्यानंतर ते विचारण्याची गरजही राहिली नाही.

पण ते शेवटी प्रशासक होते. उठून जीपपर्यंत येईतो सावरले. म्हणाले, "माती उत्तम आहे, हे तर सिद्ध झालेच. मग तिचा पद्धतशीर उपयोग का करू नये? येत्या उन्हाळ्यात हे सगळे साफ करा, जाळा, खड्डे घ्या. पावसाळ्यात सागाच्या ओळी लावा. तेवढे झाले की तुमचे कायमचे बघू." काहीही न करता उगवलेले रान हे त्यांच्या दृष्टीने यश नव्हते, त्यात खात्याने काय केले, हे दाखवता येत नव्हते. माझी तात्पुरती मुदत त्या उन्हाळ्यापुरती वाढली.

जीप गेली. गडी तबक न्यायला पुढे आला नाही. मी कपबशा नाल्यावर धुऊन काठावर ठेवल्या. पाटील म्हणाले, राहू द्या बाई, असू द्या. मी त्या घरी घेऊन आले. आईने त्या उन्हाकडे धरून नीट पाहिल्या. एकीलाही तडा नव्हता.

थंडी सरू लागली तेव्हा एका संध्याकाळी मी यवतमाळहून घरी आले, तर आमच्या अंगणात वस्तीतली सगळी माणसे बसली होती. भिंतीला कुदळी, पहारी, फावडी उभी होती. पाटलांच्या कपांतून चहा चालला होता.

"कवापासून सुरू कराचं?" बाबांनी विचारले.

"काय?"

"तुयं ते नाल्याचं. साफ कराचं, खंदाचं. सायब म्हने, त्याबिगर नोकरी पक्की होत नाही."

मी म्हटले, तुम्ही तर तिथे पाय ठेवणार नव्हता.

"नवतो ठेवत. तुयासंगं शिकलेले लोक आपलं गाव कोनतं, ते बी सांगत नाही. तू सायबाच्या तोंडावर सांगतलं का हे आमचं काम होतं आन् आमी ते सोडलं. आता तिथं जाची मले लाज नाही वाटत." त्यांनी कप खाली ठेवला. "चाल. कवा याचं ते सांग."

ज्या शब्दांसाठी मी दोन वर्षांपूर्वी सबंध वस्तीला जमिनीची धूप समजावली होती, ते मला आयते मिळत होते. मजूर होते, जागा होती, हुकूम होता. डेहराडूनही होते, स्वेटरची फक्त एक बाही उरली होती.

"खंदाचं नाही, बाबा."

"काहून?"

"तिथं झाडं हायत."

मग बाबांनी सगळ्यांकडे पाहिले.

"दोन वर्सं हे म्हने खंदा, खंदा. आमी नाही म्हनलं. आता आमी कुदळी घेऊन उभे, तं हे म्हने खंदू नका." ते माझ्याकडे वळले. "मले एक सांग माय, सरकार तुले पगार कायचा देते?"

सगळे हसले; आई सर्वांत जास्त. हसणे ओसरल्यावर बाबांनी हळू आवाजात विचारले, "मंग नोकरी?"

"तात्पुरती तं हायच."

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला.

सकाळी मी ओसरीवर साहेबांना पत्र लिहायला बसले, तेव्हा बाबा रिकाम्या हातांनी पश्चिमेकडे चालले होते. पत्रात मी लिहिले की नियोजित जागी काम करण्यास मजूर उपलब्ध नाहीत. पहिल्या वर्षी हेच वाक्य मी कळवले होते. तेव्हा ते खरे होते आणि साहेबांनी ते माझ्या अननुभवाचे लक्षण मानून पुढे विसरूनही टाकले होते. या वेळी ते खोटे होते. त्यांनी ते तत्काळ मान्य केले आणि अशा मागासलेल्या गावात काम करावे लागते याबद्दल मला सहानुभूतीही कळवली. मुदत पुन्हा वाढली, नंतर आणखी एकदा. डेहराडूनला एक सहकारी गेला. त्याच्या ओळी अत्यंत सरळ होत्या. स्वेटर बाबांना मापात बसला.

पण हे सगळे पुढचे. त्या सकाळी पत्राखाली सही करत होते, तोवर बाबा परत आले. त्यांच्या धोतराला गवताची कुसळे चिकटली होती आणि ते कडुनिंबाच्या हिरव्या काडीने सावकाश दात घासत होते. तुलनेच्या पट्ट्यातले काहीही तोडायचे नसते, हे मी त्यांना सांगितले नाही.